विजय अय्यर यांच्या ‘कम्पॅशन’ची समीक्षकांनी एवढी वाखाणणी का केली असावी?

प्रश्न : मध्यलय

नमस्कार. अमेरिकन जॅझ पियानोवादक विजय अय्यर, कॉन्ट्राबास (म्हणजे बेस) वाजवणाऱ्या लिंडा मे हान ओह आणि ड्रमवादक टायशॉन सोरी या तिघांचा ‘कम्पॅशन’ हा अल्बम फेब्रुवारी २०२४ मध्ये ईसीएम या कंपनीने प्रसिद्ध केला. तेव्हापासून इंग्रजी समीक्षणांत त्याची भरभरून स्तुती वाचायला मिळते आहे. याच त्रयीच्या २०२१ सालच्या ‘अनईझी’बद्दलही असेच लिहिले गेले होते. मी दोन्ही अल्बम निवांतपणे ऐकले. कंटाळा अजिबात आला नाही, उलट मन गुंतून राहिले. तरीही समीक्षकांनी ज्याला धाडस म्हटले आहे ते मला नेमके कुठे ऐकू यायला हवे, हे उमगत नाही, म्हणून येथील जाणकारांना विचारतो आहे.

माझे कान हिंदुस्थानी संगीतावर घडले आहेत आणि तबला शिकल्यामुळे कोणतेही संगीत ऐकताना मी आधी सम शोधतो. आपल्याकडे ख्याल गाणारा कितीही दूर गेला तरी तबलजी ठेका धरून असतो, आणि स्वतंत्र तबलावादनात तबलजीला मोकळीक मिळते तेव्हा लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवत फिरत राहणारी धून, धरणारा शेजारी बसलेला असतो. एकाने लयीशी खेळायचे आणि दुसऱ्याने ती सांभाळायची, ही वाटणी मला पाठ आहे. या त्रयीत मात्र ठेका कोणाकडे आहे हेच मला ठरवता येत नाही. ड्रमवर बोट ठेवावे तर सोरी अचानक झांजेच्या नुसत्या कडेवर जातात, बेसकडे वळावे तर ती पियानोला उत्तर देऊ लागते, आणि तरीही तिघे पुढे एकत्र कुठेतरी पोचलेले असतात.

दुसरी अडचण समीक्षणांविषयी आहे. त्यांतला मोठा भाग रचनांच्या विषयांवर खर्च झालेला असतो. ‘आर्च’ ही रचना आर्चबिशप डेसमंड टूटू यांना वाहिलेली आहे, ‘इट गोज’चा संबंध १९५५ साली मिसिसिपीत मारल्या गेलेल्या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाशी, एमेट टिलशी, आहे, ‘टेम्पेस्ट’च्या पाठीमागे महासाथीत गेलेल्या माणसांची आठवण आहे, वगैरे. हे सारे वाचून आदर वाटतो, पण शब्द नसलेल्या संगीतात ते कसे ऐकायचे? आणि ही माहिती नसती तर समीक्षकांनी एवढीच स्तुती केली असती का?

जाता जाता आणखी एक. अय्यर यांचे आईवडील तमिळ आहेत. तेव्हा या लयीच्या गुंतागुंतीचा उगम कर्नाटक संगीतात आहे असे समजावे का?

उत्तर : डावा-उजवा

मध्यलय, तुमचा पहिलाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, त्यामुळे मी बराच वेळ त्याच्यापाशीच थांबणार आहे.

पियानो, बेस आणि ड्रम यांच्या त्रयीत एके काळी कामाची वाटणी तुम्ही सांगता तशीच होती. बेसवादक मात्रेमात्रेला एकेक स्वर टाकत चालायचा, ड्रमवादक उजव्या हाताने मोठ्या झांजेवर तीच लय धरून ठेवायचा आणि पियानोवादक त्यावर आपला विस्तार करायचा. बत्तीस मापांचे एखादे गाणे पुन्हा पुन्हा फिरत राहायचे आणि तेच त्यांचे आवर्तन असायचे. ही वाटणी सैल होत गेली. त्यातला सर्वांना ठाऊक असलेला टप्पा म्हणजे पियानोवादक बिल एव्हान्स यांच्या त्रयीने २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात केलेले वादन. तेथे स्कॉट लाफारो यांचा बेस चालण्याऐवजी बोलू लागला, पॉल मोशन यांचे ड्रम लय मोजून दाखवण्याऐवजी ती सुचवू लागले, आणि ऐकणाऱ्याला मात्रा स्वतःच्या मनात धरावी लागली. लाफारो त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मोटार अपघातात गेले. वय अवघे पंचवीस. पण त्या एका दिवसाच्या ध्वनिमुद्रणाने पुढच्या सगळ्या त्रयींपुढे एक प्रश्न मांडून ठेवला : ठेका कोणा एकाकडे नसला तर तो राहतो कुठे?

अय्यर यांच्या त्रयीने याला दिलेले उत्तर एव्हान्स यांच्यापेक्षा वेगळे आहे. त्यांच्याकडे लय विरघळत नाही, ती पक्की असते, पण ती तुकड्यातुकड्यांनी तिघांत वाटलेली असते. पियानोचा डावा हात एक छोटी आकृती सारखी फिरवत ठेवतो, बेस दुसऱ्या लांबीची आकृती धरतो, आणि या दोन्ही जिथे एकत्र पडतात ती जागा सोरी कधी ठणकावून दाखवतात तर कधी मुद्दाम रिकामी सोडतात. तबल्याच्या भाषेत सांगायचे तर अतीत आणि अनागत यांचा, म्हणजे मुद्दाम समेच्या आधी किंवा नंतर येऊन पडण्याचा, खेळ इथे तिघेही एकाच वेळी खेळत असतात आणि सम सांभाळण्याची जबाबदारीही तिघांचीच असते. पियानोवादक जेरी ॲलन यांची ‘ड्रमर्स साँग’ ही रचना त्यासाठी ऐका. ती ‘अनईझी’वर आहे आणि ‘कम्पॅशन’च्या शेवटी ‘फ्री स्पिरिट्स’ला जोडून पुन्हा येते. पहिल्यांदा फक्त पियानोचा डावा हात ऐका, त्यावर टाळी धरा आणि काहीही झाले तरी ती सोडू नका. दुसऱ्यांदा तीच टाळी धरून फक्त बेस ऐका. तिसऱ्यांदा ड्रम. तबला शिकलेल्या माणसाला यात काही अवघड नाही. अवघड असेल तर एवढेच, की इथे तुमच्यासाठी कोणी लेहरा वाजवत नाही.

यांच्या लयीमागचा विचार उलगडून दाखवणारे उदाहरण मात्र जुने आहे. २००९ सालच्या ‘हिस्टॉरिसिटी’ या अल्बमवर अय्यर यांनी ऑर्गनवादक रॉनी फॉस्टर यांची १९७२ सालची ‘मिस्टिक ब्रू’ ही रचना घेतली आहे. तेव्हा त्रयीत बेसवर स्टीफन क्रम्प आणि ड्रमवर मार्कस गिलमोर होते. मूळ रचनेत लांब आणि आखूड अशा दोन भागांचे प्रमाण ५ आणि ३ असे आहे. अय्यर यांनी ते ८ आणि ५, मग १३ आणि ८ असे ताणत नेले. मात्रा वाढतात, पण लांब भाग आखूड भागाच्या साधारण दीडपटीहून थोडा मोठा, हे नाते टिकून राहते, त्यामुळे मोजणारा गोंधळतो आणि डोलणारा डोलतच राहतो. गणितात ही मालिका फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. अय्यर यांनी या रचनेविषयी लिहिलेल्या लेखातही त्याच नावाने तिचा उल्लेख आहे. लघू आणि गुरू यांनी ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल, हे मोजताना आपल्याकडचे छंदःशास्त्रज्ञ फिबोनाचीच्या आधीच याच आकड्यांपाशी पोचले होते. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात ते नोंदवून ठेवले आहे. मात्रावृत्ते म्हणून पाहिलेल्या मराठी वाचकाला ‘मिस्टिक ब्रू’ परकी वाटण्याचे कारण नाही.

आता कर्नाटक संगीताविषयी. प्रसन्ना यांची गिटार आणि नितीन मित्ता यांचा तबला घेऊन अय्यर यांनी २०११ साली ‘तीर्थ’ हा अल्बम केला. तिथे भारतीय संगीताशी असलेले नाते उघड आहे. २०१५ च्या ‘ब्रेक स्टफ’वरील ‘मिस्टरी वुमन’ या रचनेतही दक्षिणी तालवाद्यांचे ऋण आहे. पण ‘कम्पॅशन’वर ज्यांच्या रचना घेतल्या आहेत ती माणसे पाहा : रॉस्को मिचेल, जॉन स्टबलफील्ड, जेरी ॲलन, स्टीव्ही वंडर. हा सारा वारसा कृष्णवर्णीय अमेरिकन संगीताचा आहे. अय्यर लहानपणी पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले, पियानो बऱ्याच अंशी कानाने आत्मसात केला, १९९० च्या दशकात सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन यांच्याबरोबर वाजवत घडले, आणि १९९८ साली बर्कली येथे पश्चिम आफ्रिकी आणि आफ्रिकी-अमेरिकी संगीतातील लय शरीराला कशी उमगते या विषयावर त्यांनी पीएच.डी. केली. त्यांच्या आडनावावरून मूळ ठरवले तर ज्यांच्याकडून ते शिकले त्यांचे श्रेय आपण नकळत काढून घेतो. मला हे मनापासून खटकते, आणि भारतीय वृत्तपत्रांतल्या त्यांच्याविषयीच्या लेखनात ते फार वेळा घडते.

उत्तर : पाणंद

डावा-उजवा यांनी लयीचे अंग उत्तम सांगितले आहे. मी समीक्षकांविषयी लिहितो, कारण मध्यलय यांची शंका मला रास्त वाटते.

अय्यर यांच्यावर स्तुतीचा वर्षाव काही आजच होतो आहे असे नाही. ‘हिस्टॉरिसिटी’ला ग्रॅमीचे नामांकन होते. २०१२ साली ‘डाउनबीट’ या जॅझविषयक मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात वर्षातील कलाकार, अल्बम, वाद्यवृंद, पियानोवादक आणि उदयोन्मुख संगीतकार असे पाच मान त्यांना एकदमच मिळाले. तो अल्बम होता ‘ॲक्सेलेरांडो’. त्यावर ड्यूक एलिंग्टन आणि हर्बी निकल्स या जुन्या जॅझ संगीतकारांच्या रचना आणि मायकेल जॅक्सनने गायिलेले ‘ह्यूमन नेचर’ हे सारे शेजारी शेजारी होते. २०१३ साली मॅकआर्थर फेलोशिप आणि २०१४ पासून हार्वर्डमध्ये प्राध्यापकपद. एवढे सारे पाठीशी असलेल्या माणसाचा नवा अल्बम समीक्षकाच्या टेबलावर येतो तेव्हा तो आदरानेच उघडला जातो. त्यात गैर काही नाही, पण त्यामुळे कान थोडे आधीच राजी झालेले असतात, हे नाकारता येणार नाही.

शिवाय समीक्षकाला चारपाचशे शब्दांत लिहायचे असते. बेसच्या आकृतीची लांबी शब्दांत सांगणे कठीण, डेसमंड टूटू यांचे नाव लिहिणे सोपे. अल्बमबरोबर येणाऱ्या टिपणात संगीतकाराने स्वतः दिलेली माहिती मग समीक्षणात उतरते आणि वाचणाऱ्याला वाटते की हाच अल्बमचा आशय आहे. हे मी दोष काढण्यासाठी लिहीत नाही. माझी तक्रार एवढीच, की यामुळे संगीत ऐकून झाल्यावर काय वाटले हा भाग समीक्षणांत फार आखडतो.

माझे स्वतःचे मत असे आहे की धाडस हा शब्द ‘ॲक्सेलेरांडो’ला जितका शोभतो तितका ‘कम्पॅशन’ला शोभत नाही. क्रम्प आणि गिलमोर यांच्या त्रयीत एक ओढ होती, रचना जणू उतारावरून धावत. सध्याची त्रयी अधिक स्थिर आहे. शीर्षकाची पहिली रचना हळूहळू आकार घेते, ‘प्रील्यूड : ओरिसन’ जवळजवळ प्रार्थनेसारखी आहे, आणि ‘व्हेअर आय ॲम’सारख्या रचनेत जोर असला तरी तो आतल्या आत राखलेला आहे. समीक्षकांनी या संयमाची स्तुती केली असती तर मी शब्दन् शब्द मान्य केला असता. साहस हे विशेषण त्यांनी अय्यर यांच्या नावाला पूर्वीच चिकटवले होते आणि ते इथेही पुढे चालू ठेवले, असे मला वाटते.

सोरी यांच्या बाबतीत मात्र स्तुती कमीच पडते. २०२४ सालचे संगीतासाठीचे पुलित्झर पारितोषिक त्यांना ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांना वाहिलेल्या ‘अडाजिओ’ या रचनेसाठी मिळाले. वाद्यवृंदासाठी इतके संथ, इतके विस्तृत लिहिणारा संगीतकार ड्रमवर बसतो तेव्हा तो ठेका धरणारा म्हणून बसत नाही. कोणत्या क्षणी काहीच वाजवू नये हे त्यांना जितके कळते तितके फार थोड्या तालवादकांना कळत असेल.

मध्यलय

दोघांचेही मनापासून आभार. डावा डग्गा धरावा तशी पियानोच्या डाव्या हातावर टाळी धरून ‘ड्रमर्स साँग’ ऐकले. बेस आणि पियानो एकमेकांपासून सुटतात आणि पुन्हा भेटतात ती जागा आता स्पष्ट ऐकू येते. पाणंद यांच्या उत्तरावरून मात्र एक विचारावेसे वाटते. विषयाची माहिती बाजूला ठेवायची म्हटले तर ‘नोना’सारखी रचना या अल्बममध्ये का आहे? ती अगदी छोटी आहे, बाकी अल्बमपेक्षा खरखरीत आहे आणि माझ्या कानांना तिची संगती लागली नाही.

उत्तर : उत्तररात्र

‘नोना’विषयी विचारलेत म्हणून लिहितो, कारण या ठिकाणी माहिती बाजूला ठेवून चालणार नाही, असे माझे मत आहे.

‘नोना’ ही सॅक्सोफोनवादक रॉस्को मिचेल यांची रचना. १९७६ साली स्वित्झर्लंडमधील विलिसाऊ येथील महोत्सवात दुसरे सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टन यांच्या ऐवजी मिचेल यांना एकट्याने मंचावर जावे लागले. श्रोते ब्रॅक्स्टन यांना ऐकायला आले होते आणि नाराज होते. मिचेल यांनी ‘नोना’चा पहिला, टोकदार, मोठ्या उड्यांचा तुकडा वाजवला आणि तोच पुन्हा वाजवला, आणि पुन्हा. श्रोत्यांतून ओरडा होत राहिला, ते थांबले नाहीत. तोच तुकडा काही मिनिटे, दर वेळी किंचित वेगळ्या दाबाने, सूर फाटेपर्यंत. हळूहळू सभागृहाचा आवाज बदलतो, विरोध उत्सुकतेत बदलतो, आणि मगच ते रचनेत पुढे जातात. ध्वनिमुद्रणात वादनाइतकेच श्रोतेही ऐकू येतात, म्हणून मी ते प्रत्येकाला ऐकायला सांगतो. नाट्यगृहात टाळी मिळेना म्हणून एखादा नट पद आवरते घेतो, आणि एखादा तेच पद पुन्हा उचलून बैठक जिंकतो. मिचेल दुसऱ्या जातीचे.

अय्यर यांनी मिचेल यांच्याबरोबर बरीच वर्षे वाजवले आहे. एकट्या सॅक्सोफोनसाठीची ती आकृती पियानो, बेस आणि ड्रम यांच्यावर वाटली की काय होते, ते या छोट्या रचनेत ऐकू येते. सॅक्सोफोनवर एका श्वासात फेकलेल्या उड्या पियानोवर सुट्या स्वरांचे खडे होऊन पडतात, आणि श्वासाची जागा ड्रम घेतात. तुम्हाला ती खरखरीत वाटली ते बरोबरच आहे, ती तशीच वाजायला हवी. बाकीच्या अल्बममध्ये जो संयम आहे, तो कोणत्या कणखरपणातून आलेला आहे हे ‘नोना’ दाखवते. म्हणून पाणंद यांच्याशी माझा मतभेद आहे. माझ्या मते याही अल्बममध्ये साहस आहे, पण ते वेगात किंवा गुंतागुंतीत शोधले तर सापडणार नाही. स्टीव्ही वंडर यांचे १९८५ सालचे ‘ओव्हरजॉइड’ हे लोकांच्या ओठांवरचे गाणे आणि विलिसाऊची ‘नोना’ या दोन्ही गोष्टींना एकाच अल्बममध्ये सारख्याच आस्थेने वाजवायचे, त्यांतल्या एकीलाही सजावट म्हणून वापरायचे नाही, याला मी साहस म्हणतो. ‘ओव्हरजॉइड’च्या पाठीमागे २०२१ च्या फेब्रुवारीत गेलेले पियानोवादक चिक कोरिया यांचीही आठवण आहे, आणि तरीही ते गाणे शोकगीत होत नाही, चांगले खेळते राहते.

शब्द नसताना विषय कसा ऐकू येतो, या मूळ प्रश्नाकडे वळतो. ‘इट गोज’ ही रचना मुळात कवयित्री इव्ह यूइंग यांच्या कवितेबरोबर वाजवण्यासाठी होती. एमेट टिल मारला गेलाच नसता, म्हातारा होऊन आपल्या वस्तीत राहिला असता, तर, अशी त्या कवितेची कल्पना आहे. अल्बममध्ये कविता नाही. उरली आहे ती साधी, न घाई करणारी चाल, तिच्याखाली ओह यांच्या बेसचे गोल, सावकाश पडणारे स्वर आणि सोरी यांनी ब्रशने धरलेली लय. तिच्यात हत्येचा आक्रोश शोधाल तर हाती काही लागणार नाही, कारण कवितेतही तो नाही. ज्याला आयुष्य मिळाले नाही त्याला संगीतातून काही मिनिटांचे साधे, रोजचे आयुष्य देऊ केले आहे. ही माहिती नसती तरी मला ही रचना आवडली असती. माहिती असल्यामुळे तिचा साधेपणा मला दुबळा वाटत नाही, एवढा फरक पडतो, आणि तो फरक मला मोलाचा वाटतो.

ओह यांच्याविषयी वर फारसे कोणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहितो. मलेशियात जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वाढलेल्या या बेसवादक गिटारवादक पॅट मेथेनी यांच्याबरोबरही वाजवत असत. त्यांचा स्वर मोठा आहे, पण पसरत नाही. प्रत्येक स्वराला सुरुवात आणि शेवट दोन्ही असतात. त्रयीत पियानो दाट वाजत असताना बेस बहुधा गढूळ होतो, इथे तो होत नाही, आणि डावा-उजवा म्हणाले ती वाटलेली लय स्पष्ट ऐकू येण्यामागे हे एक मोठे कारण आहे. शक्य असेल तर फोनच्या स्पीकरवर न ऐकता चांगल्या हेडफोनवर ऐका, नाहीतर या अल्बमचा अर्धा भाग तुमच्यापर्यंत पोचणारच नाही.

पुढे काय ऐकावे असे कोणी विचारले तर ‘अनईझी’वरील ‘नाइट अँड डे’ सुचवीन. गाणे कोल पोर्टर यांचे, जुने, सर्वांना परिचित. सॅक्सोफोनवादक जो हेंडरसन यांनी १९६४ साली मॅकॉय टायनर यांच्या पियानोसह ते ज्या ढंगात वाजवले होते, तो ढंग अय्यर यांनी पायाला घेतला आहे. आधी हेंडरसन, मग अय्यर, असे लागोपाठ ऐकले की कोणी काय उचलले आणि काय सोडले ते लगेच कळते. सोरी यांनी स्वतःच्या नावाने २०२२ साली काढलेला ‘मेस्मरिझम’ हाही पियानो त्रयीचाच अल्बम आहे. तिथे पियानोवर ॲरन डील आणि बेसवर मॅट ब्रूअर आहेत. तोच ड्रमवादक निराळ्या पियानोवादकाबरोबर किती निराळा वाजवतो, हे पाहायला तो फार उपयोगी पडेल.